सव्वा बकेट

"हे काही आत जायचं नाही, साहेब," ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणाला आणि खाली उतरायचीही तसदी न घेता त्याने इंजिन बंद केलं. सुपरवायझरने आधी हसून घेतलं. सकाळपासून तो इस्त्रीचा शर्ट घालून गेटावर उभा होता आणि अशा दिवशी कुठेतरी माशी शिंकतेच हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. "जाईल हो," तो म्हणाला. "गेट सव्वा बकेट आहे. आरामात जाईल." ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली, मागे साखळ्यांनी जखडलेल्या त्या पिवळ्या धुडाकडे पाहिलं, मग गेटाकडे पाहिलं, आणि काहीशा कीवेनेच विचारलं, "कुठली बकेट?" तेव्हा कुठे सुपरवायझरने मान वर करून नव्या लोडरची बकेट, पुढचा तो वाळू उचलायचा लोखंडी सुपडा, नीट पाहिली. कॅटलॉगमध्ये तिचं चित्र त्याने शंभरदा पाहिलं असेल. चित्रात ती बोटाएवढी होती. इथे समोरच्या इमारतीतली माणसं बाल्कनीत येऊन दात घासता घासता तिच्याकडे पाहत होती, आणि ती त्यांच्या बाल्कनीपेक्षा रुंद होती.  गेट सव्वा बकेट होतं ही गोष्ट खरी. फक्त ती बकेट जुन्या लोडरची होती आणि जुना लोडर आज सेवानिवृत्त व्हायचा होता.

काँक्रीटच्या त्या प्लँटवर सगळं बकेटने मोजायची रीत होती. वाळूचे कप्पे दोन-दोन बकेट रुंद, मागची भिंत अमुक बकेट लांब, पाण्याच्या टाकीपासून वजनकाटा इतक्या बकेटवर. टेप होते, कपाटात दोन-तीन पडलेले असत, पण टेप आणायला जाईपर्यंत कुणीतरी डोळे बारीक करून सांगून टाकायचं आणि ते बरोबरही निघायचं. ही रीत पाडली होती सुपरवायझरच्या वडिलांनी. यार्डातला पहिला लोडर त्यांनी उभं आयुष्य चालवला आणि त्या आयुष्यात ते जगाकडे बकेटच्या काठावरूनच पाहत आले. घरी पुढची खोली दीड बकेट होती. मागची खोली एक बकेटही नाही म्हणून ते तिला खोली म्हणतच नसत, "मागे" म्हणत. ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा ते मुलाला एकटेच जाऊन पाहून आले, आणि आईने अधीर होऊन विचारलं, कसा आहे हो, तर चपला काढत म्हणाले, "अर्ध्या बकेटला थोडा वर. पण माणूस चांगला आहे." आईने कपाळावर हात मारून घेतला. मुलगा मात्र खरंच चांगला निघाला. सुपरवायझर अशा घरात वाढला होता, त्यामुळे मालकांनी "मोठा लोडर घेऊ या, तूच ठरव कुठला" म्हटल्यावर त्याने महिनोन्‌महिने इंजिनं तोलली, टायर तोलले, तेल किती पितो आणि दुरुस्तीला माणूस कुठून येतो याची चौकशी केली, दोन ठिकाणी जाऊन चालतं मशीन पाहून आला, आणि गेटाचा प्रश्न मनात आला तेव्हा मनानेच उत्तर देऊन टाकलं, सव्वा बकेट, पुष्कळ झालं. बकेटच बदलते आहे हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

मशीन ताब्यात द्यायला आलेला कंपनीचा माणूस तरुण, सभ्य आणि घामाघूम होता. त्याने आपला टेप काढून गेट मोजलं, बकेट मोजली, पुन्हा गेट मोजलं. दुसऱ्यांदा मोजून ते वाढलं नाही. बकेट वर उचलून एकदा कसाबसा आत घालता येईल, तो म्हणाला, टायर दोन्हीकडून घासत. पण वाळूचा साठा रस्त्यापलीकडच्या मैदानात, म्हणजे लोडर दिवसभर या गेटातून ये-जा करणार, आणि भरलेली बकेट डोक्यावर घेऊन ये-जा करायची म्हणजे एक दिवस मशीन कलंडणार. गेट वाढवायलाच हवं. डाव्या बाजूला पॅनेलची खोली होती, सगळ्या प्लँटची वीज तिच्यातून फिरत होती, तिला हात लावायचा म्हणजे महिनाभर प्लँट बंद. उजव्या बाजूला विटांची छोटी चौकी होती, पत्र्याचं छप्पर, एक खिडकी. "हिच्यात काय आहे?" कंपनीच्या माणसाने विचारलं. "माझे वडील," सुपरवायझर म्हणाला.

म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसला होता आणि रस्त्यावर आडव्या लागलेल्या ट्रेलरकडे शांतपणे पाहत होता. आई गेल्यावर वर्षभरात त्याचं डोकं सैल पडत गेलं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग जेवलो की नाही ते, मग माणसं. एक गोष्ट तेवढी त्याच्या डोक्यात पक्की रुतून बसली होती, ती म्हणजे सकाळ झाली की कामावर जायचं. सुपरवायझर आणि त्याची बायको दोघंही सकाळी बाहेर पडत, आणि त्यांच्या पाठोपाठ म्हाताराही डबा म्हणून हाताला येईल ते घेऊन बाहेर पडे, आणि मग दुपारी कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर सापडे. कुलूप लावून पाहिलं तर दारावर धडका देऊन त्याने खांदा सुजवून घेतला. शेवटी एक दिवस सुपरवायझर त्याला सोबतच घेऊन आला. गेटावर कॅमेरे लागल्यापासून चौकी रिकामी होती. तिथे खुर्ची टाकली, पाण्याचा जग ठेवला, आणि म्हातारा जो बसला तो बसलाच. ट्रक आत येताना तो हात वर करी, ड्रायव्हरही हात वर करत. चौकीतून उठून तो कधी कुठे गेला नाही. संध्याकाळी सुपरवायझरने हात धरला की मुकाट्याने घरी येई. यार्डातली माणसं त्याला बाबा म्हणत, येता-जाता काही बोलत, आणि उत्तराची वाट पाहत नसत. आयुष्यभर इंजिनाजवळ बसून त्याचे कान कधीच गेलेले होते.

ताई दुसऱ्या गावी राहत होती. तिने एक जागा पाहून ठेवली होती, म्हाताऱ्या माणसांसाठीची, तिच्या घरापासून जवळ, बाग आहे, डॉक्टर येतो, दारं अशी की आपली आपण उघडत नाहीत. दर आठवड्याला तिचा फोन येई आणि सुपरवायझर दर आठवड्याला म्हणे, "चौकी आहे तोवर बघू." हे वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की ते बोलताना त्याला जीभ हलवावी लागत नसे. आता मालकांना फोन लावून त्याने झाला प्रकार सांगितला तेव्हा पलीकडून आधी दोन-चार शिव्या आल्या, त्याला बसायलाच हव्या होत्या अशा, आणि मग मालक म्हणाले, "पाडून टाक ती चौकी. आजच पाड. रस्ता अडवून ठेवलाय तुम्ही." त्यांना अजून म्हातारा आठवायचा होता. तो आठवल्यावर आवाज जरा खाली आला. "बाबांचं काय करशील?" "बघतो काहीतरी," सुपरवायझर म्हणाला.

आणि फोन खिशात ठेवताना त्याला आपल्या अंगात एक विचित्र गोष्ट जाणवली. हलकं वाटत होतं. पाठीवरचं पोतं कुणीतरी न विचारता उचलून खाली ठेवावं तसं. तो दचकला. आजूबाजूला पाहिलं, कुणाला दिसलं तर नाही. ट्रेलरचा ड्रायव्हर टायरला टेकून बिस्कीट खात होता. म्हणजे आता आपल्याला ठरवायचं कारण उरलं नाही, त्याच्या मनाने स्पष्ट शब्दांत सांगितलं, आता मशीनने ठरवलं. आणि लगेच दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला, जो त्याला दिवसभर पुरला. महिनोन्‌महिने सगळं मोजलं, मग गेटच तेवढं कसं राहिलं? टेप कपाटात होता. कपाट त्याच्या पाठीशी होतं. खरंच विसरलो, की हात तिकडे जायला तयार नव्हता? त्याने स्वतःला उलटसुलट विचारून पाहिलं. मन असं साळसूद की काही केल्या सापडेना. चौकी आपण बाबांसाठी ठेवली असं तो सगळ्यांना सांगे, आणि ती ठेवली होती ती स्वतःसाठी, ताईला उत्तर द्यावं लागू नये म्हणून, एवढं मात्र आज त्याला लख्ख दिसलं. ते दिसून फार बरं वाटलं नाही.

लोडर ट्रेलरवरून रस्त्यापलीकडच्या मैदानात उतरवला तेव्हा जमीन हलली. लोडरचा ऑपरेटर, ज्याला सगळे लांब्या म्हणत आणि जो जुन्या लोडरच्या केबिनमध्ये वर्षानुवर्षं घडी घालून बसत आला होता, तो नव्या केबिनमध्ये गेला, सरळ बसला, पाय लांब केले आणि लहान मुलासारखा हसला. कंपनीच्या माणसाने त्याला एकेक खटका समजावून दिला. मग सुपरवायझरला वर बोलावलं, ताबा घेणाऱ्याने एकदा बसून पाहायचं असतं म्हणाला. सुपरवायझर शिडी चढला, दार लागलं, आणि जग बंद झालं. इंजिन चालू होतं, काचेतून धूर निघताना दिसत होता, पण आवाज म्हणून काही नाही, शेजारच्या घरात कुणी शिलाई मशीन चालवावं इतकाच. नव्या प्लास्टिकचा वास. खुर्ची हवेवर तरंगल्यासारखी. "तुमच्या वजनाप्रमाणे खुर्ची आपोआप जुळवून घेते," कंपनीचा माणूस म्हणाला. खुर्ची त्याच्याखाली उसासा टाकून जराशी खाली गेली, मग वर आली, आणि थांबली. त्याला वाटलं, आता काही बोलली नाही म्हणजे मिळवलं.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी तो बाबांच्या मांडीवर बसून जुन्या लोडरमध्ये फिरला होता. तिथे इंजिन जणू पोटातच चाले. दात वाजत, डोळ्यांपुढे सगळं थरथरत असे, खालून येणाऱ्या उष्णतेने मांड्या भाजत, आणि बाबा काहीही बोलत नसत कारण बोलून उपयोग नव्हता. ते हातांनी बोलत. नंतर घरीही हातांनीच बोलू लागले. दोन्ही तळवे स्वतःकडे हलवले म्हणजे जेवायला या. एक बोट गोल फिरवलं म्हणजे उलट फिर, अभ्यासाला बस. मूठ मिटली म्हणजे थांब, आता पुरे. त्या मुठीपुढे ताईचं रडणंही थांबे. मारलं त्यांनी कधी नाही. आई शेवटच्या वेळी दवाखान्यात होती तेव्हा तिला वरच्या मजल्यावर न्यायचं होतं, आणि दोन वॉर्डबॉय तिची स्ट्रेचरची गाडी लिफ्टमध्ये उलटी घालत होते. बाबा पुढे झाले. लिफ्टच्या दारात मागे उभं राहून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि खुणा करू लागले, या, या, डावीकडे थोडी, या. वॉर्डबॉयांनी एकमेकांकडे पाहिलं. मग का कोण जाणे, त्यांनी त्या खुणांप्रमाणेच गाडी आणली. कुठे घासली नाही. आई उताणी पडल्या पडल्या त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्यांनी मूठ मिटली तेव्हा एवढ्या दुखण्यात हसली. नव्या केबिनमध्ये बसून सुपरवायझरला तिचं ते हसू आठवलं आणि त्याचे डोळे भरून आले. "आवडलं ना, साहेब?" कंपनीच्या माणसाने विचारलं. "छान आहे," तो म्हणाला. "फारच शांत आहे."

दुपारी तो चौकीत गेला. सांगायचंच होतं. बाबांना समजेल न समजेल, आपण सांगायला हवं, असं त्याने ठरवलं होतं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहून जरा सावरून बसल्यासारखं केलं, म्हणजे आज तो मुलगा नव्हता, कुणीतरी साहेब होता. कधी तो मुलगा असे, कधी साहेब, एकदा तर त्याला आईच्या भावाच्या नावाने हाक मारून म्हाताऱ्याने पोटभर भांडण केलं होतं. "ती कुणाची गाडी?" म्हाताऱ्याने मैदानाकडे बोट दाखवून विचारलं. "आपली," सुपरवायझर कानाशी वाकून ओरडला. "आपली कशी असेल? आपली तर आत आहे." "ती जुनी झाली, बाबा. ही नवी." म्हाताऱ्याने मान हलवली. लोक फसवतात, पण आपण कशाला वाद घाला, अशी ती मान होती. "मोठी आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला. "हो. गेटातून येत नाही." "मग कशाला घेतली?"  सुपरवायझर सरळ उभा राहिला, आणि सांगायच्या ऐवजी त्याचे हात भलतंच करू लागले. त्याने पाण्याचा जग उचलून बाहेर नेऊन ठेवला. परत येऊन खुंटीवरचा स्वेटर काढला. मग खिडकीतली औषधांची पिशवी. मग कोपऱ्यातली छत्री. प्रत्येक वेळी काहीतरी कारण पुटपुटत, धुवायला टाकतो, उन्हात ठेवतो, आणि प्रत्येक वेळी म्हाताऱ्याची नजर त्याच्या हातांवर. घरात चोर शिरला तर तोसुद्धा इतका ओशाळला नसता. शेवटी चौकीत फक्त खुर्ची उरली आणि खुर्चीत बाबा. "साफसफाई?" म्हाताऱ्याने विचारलं. "हो," सुपरवायझर म्हणाला.

बाहेर येऊन त्याने ताईला फोन केला. "चौकी पाडावी लागतेय," तो म्हणाला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "मग?" ताई म्हणाली. "मग काय?" "मग मी त्या लोकांना सांगू का, जागा धरून ठेवा म्हणून? एकच खोली उरलीय त्यांच्याकडे. आज संध्याकाळपर्यंत सांगा म्हणालेत."  "हे बघ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणी त्याच्या गुडघ्याला औषध लावताना असे तसा झाला, "तू काही त्यांना टाकत नाहीयेस. तू पुष्कळ केलंस. माझ्याकडून झालं नसतं एवढं." "आत कोंडतील का गं त्यांना?" "कोंडत नाहीत रे. दारं बंद असतात फक्त." यावर दोघांनाही एकदमच हसू आलं, रडू यायच्या जागी आलेलं. "संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला.

चौकी जुन्या लोडरने आतल्या बाजूने ढकलून पाडायची असं ठरलं होतं. तिच्या दिव्याची वायर सकाळीच कापून टाकली होती. कुणीतरी बाबांना चहाला म्हणून आत नेणार होतं आणि तेवढ्यात काम उरकणार होतं. हा बेत सुपरवायझरचाच होता आणि त्याला स्वतःलाच तो आवडत नव्हता. पण तेवढ्यात पलीकडे लांब्याने नवा लोडर चालू केला. त्याला काही घाई नव्हती, नुसता गेटासमोर आणून लावायचा होता, म्हणजे चौकी पडली की सरळ आत. रस्त्यावरच्या गाड्या थांबवल्या, आणि ते धूड बकेट खाली धरून हळूहळू रस्ता ओलांडू लागलं. चौकीच्या खिडकीतून म्हाताऱ्याने ते येताना पाहिलं. तो उठला. दोन वर्षांत संध्याकाळ होण्याआधी तो पहिल्यांदाच त्या खुर्चीतून आपण होऊन उठला. दारातून बाहेर आला, गेटाच्या आत बराच मागे जाऊन वाटेच्या मधोमध उभा राहिला, आणि दोन्ही हात वर केले.

या, असं ते हात म्हणाले. सरळ. या. सुपरवायझर तिकडे धावलाच, आणि दहा पावलांवर थांबला. म्हाताऱ्याचा चेहरा बदलला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे बारीक, एक डोळा बकेटच्या या टोकावर, एक त्या टोकावर. घरी शर्टाचं बटण ज्या हातांना सापडत नसे ते हात आता स्वच्छ, ठाशीव खुणा करत होते. फक्त त्या खुणा जुन्या बकेटच्या होत्या. म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर सव्वा बकेटचं गेट होतं आणि एक बकेट येत होती, पुष्कळ जागा. लांब्याने गेटाशी येऊन ब्रेक लावला. या खुणांप्रमाणे पुढे आलो तर बकेटचं टोक सरळ चौकीत घुसणार हे त्याला वरून स्वच्छ दिसत होतं. त्याने केबिनची काच सरकवली आणि ओरडला, "साहेब, कुणाचं बघू?"

यार्डात एक नियम होता, आणि तो कुठे लिहिलेला नसला तरी त्याच्यासाठी माणसं कामावरून गेली होती. खूण एकानेच करायची. दोघांनी केली की माणूस मरतो. म्हणून ज्याची खूण नाही त्याने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, नाक खाजलं तरी हात वर करायचा नाही, म्हणजे ऑपरेटरला वरून पाहताना घोटाळा होत नाही. सुपरवायझरने आता मूठ वर केली असती तर लांब्या थांबला असता, आणि बाबांनी ते पाहिलं असतं. आपली खूण रद्द झालेली त्यांनी कधी खपवून घेतली नव्हती. बाकी सगळं विसरले असते तरी ती मूठ त्यांना कळली असती. मग त्यांना खांद्याला धरून चहाला न्यायचं, आणि पाठीमागे भिंत पडायची, आणि आपण तोंड भरून म्हणायचं, काही नाही बाबा, साफसफाई. चौकी तर पडायचीच होती. म्हातारा बाहेर होता, भिंतीपासून लांब होता, आसपास कुणी नव्हतं, सुपरवायझरने दोनदा पाहून घेतलं. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. लांब्याने ते पाहिलं. क्षणभर त्याचा विश्वास बसला नाही. मग त्याने काच लावली आणि नजर म्हाताऱ्यावर ठेवली.

या, या, म्हातारा म्हणत होता. उजवीकडे थोडी. या. बकेटचं टोक चौकीच्या कोपऱ्याला टेकलं, आणि फारसा आवाजही झाला नाही. विटा आधी फुगल्यासारख्या झाल्या, मग कोपरा सावकाश आत बसला, खिडकीची चौकट वाकडी झाली, छप्पर एका बाजूने खाली आलं, आणि धुळीचा लोट उठला. लोडर जराही अडखळला नाही. म्हाताऱ्याने धूळ पाहिली नाही, किंवा पाहिली आणि त्याला तिचं काही वाटलं नाही. यार्डात धूळ असतेच. तो पावलापावलाने मागे सरकत राहिला, हात हलवत राहिला, मशीन त्याच्या मागोमाग आज्ञाधारकपणे आत येत राहिलं, आणि सगळंच्या सगळं गेटाच्या आत आल्यावर त्याने हात डोक्यावर नेला आणि मूठ मिटली. लोडर जागच्या जागी थांबला.  कंपनीचा माणूस टेप हातात धरून तोंड उघडं टाकून उभा होता. सुपरवायझरला आपले हात पाठीमागून सोडवायला थोडा वेळ लागला.

म्हातारा चालत त्याच्यासमोर आला. केसांवर, भुवयांवर विटांची लाल पूड बसली होती, श्वास लागला होता, आणि चेहऱ्यावर दिवसभराचं काम हातावेगळं झाल्याची थकलेली, गोड तृप्ती होती. सुपरवायझरने हा चेहरा लहानपणी रोज संध्याकाळी दारात पाहिला होता. "घेतली आत," म्हातारा म्हणाला. "बघितलं, बाबा." "उजवीकडे जरा घासली." सुपरवायझरने उजवीकडे पाहिलं. अर्धी भिंत उभी होती आणि तिच्याआड खुर्चीचे दोन पाय दिसत होते. "चालतं," तो म्हणाला, "एवढं तेवढं चालतं." म्हाताऱ्याने मान डोलावली. मग त्याने आजूबाजूला नजर फिरवली, बसायला काही आहे का पाहावं तशी, आणि तसं काही नाही हे पाहून त्याला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. हातावरची धूळ झटकत त्याने साहेबाकडे परवानगी मागावी तसं विचारलं, "मग आता मी घरी जाऊ? कामाचं झालं माझं."  "जा ना," सुपरवायझर म्हणाला. म्हातारा दोन पावलं गेला आणि थांबला. परत वळला. एवढा वेळ स्वच्छ असलेले त्याचे डोळे पुन्हा गढूळ होत होते, आणि काहीतरी अवघड, विचारायला लाज वाटावी असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. "घरी," तो म्हणाला, "कुणी असतं का माझं?"

उद्या सकाळी काय करायचं हे सुपरवायझरला माहीत नव्हतं. दाराला कुलूप लावता येत नव्हतं. बायकोची नोकरी सुटण्यासारखी नव्हती, आणि त्याची तर आजच जेमतेम वाचली होती. दुपारी सोबत बसायला एखादी बाई मिळेल का, आपली पाळी दुपारनंतरची करून मिळेल का, मालक किती शिव्या देतील, यातलं काहीही त्याने विचारून ठेवलं नव्हतं. खिशात फोन वाजू लागला होता, ताईचाच असणार, संध्याकाळ होत आली होती. "असतं," तो बाबांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, इतक्या मोठ्याने की वरून लांब्यानेही वळून पाहिलं. "मी असतो घरी. मी आहे ना." आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ताईला द्यायचं उत्तर देऊन झालं होतं. पाठीवरचं पोतं पुन्हा पाठीवर आलं होतं, सगळ्या वजनासकट, आणि त्याने ते नीट सावरून घेतलं. म्हातारा त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत राहिला, हा साहेब आपल्या घरी कशाला असेल हे काही त्याला उमगत नव्हतं. पण त्याने फार ताणलं नाही. "मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि धुळीने माखलेला हात पुढे केला.